विरजण, मेथी आणि खताची बादली : घरकामात जीव रमवायचा कसा

सकाळी पाणी यायच्या वेळेला उठायचं, डबे भरायचे, गाडी गाठायची, संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजी घेत घरी यायचं. ठाण्यातल्या बहुतेक घरांचा दिवस असाच जातो. त्यात मन शांत करायला रोज अर्धा तास काढा असं कुणी सांगितलं, की तो अर्धा तास म्हणजे आणखी एक काम होऊन बसतं. इथे वेगळा वेळ काढायला सांगितलेलं नाही. दही लावणं, कडधान्य भिजवणं, कुंडीत पाणी घालणं, कचरा बाहेर ठेवणं ही कामं तशीही होतातच. त्यांतली चार-पाच कामं बोटानं, नाकानं आणि कानानं ओळखत करायची. दूध विरजायला झालं की नाही हे करंगळी सांगते, तूप झालं हे कान सांगतो, खत बिघडतंय हे नाक सांगतं. कामाकडून असं उत्तर मिळायला लागलं की लक्ष ओढून आणावं लागत नाही, ते आपणहून तिथे थांबतं.

सुरुवात करताना एकच पथ्य पाळा. सगळं एकदम अंगावर घेऊ नका. पहिला आठवडा फक्त विरजण, दुसऱ्या आठवड्यात मोड, तिसऱ्यात मेथीचा ट्रे, महिनाअखेरीला खताची बादली. एका कामावर हात बसला की मगच पुढचं. आणि ज्या कामात ऐकायचं आहे किंवा वास घ्यायचा आहे, त्या दहा मिनिटांपुरता मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

विरजण

अर्धा लिटर दूध एक उकळी येऊन दोन मिनिटं मंद आचेवर राहू द्या. मग गॅस बंद करून झाकण न लावता निवायला ठेवा. झाकणाखाली साठलेली वाफ पाणी होऊन दुधात पडते आणि दही सैल होतं. दूध ४० ते ४५ अंशांवर आलं की विरजायचं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. धुऊन पुसलेली करंगळी दुधात बुडवा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. बोट दहापर्यंत सुखानं राहिलं आणि दूध उबदार लागलं, तर वेळ झाली. तीन-चारलाच बोट काढावंसं वाटलं तर थांबा. दूध अंगासारखंच, म्हणजे ना गरम ना गार लागलं, तर पुन्हा जरा कोमट करा.

विरजण किती घालायचं हे ऋतूवर आहे. एप्रिल-मे महिन्यात अर्धा लहान चमचा पुरतो, पावसाळ्यात एक, आणि डिसेंबर-जानेवारीत दीड. ठाण्यातली थंडी फार नसली तरी पहाटेचा गारवा दह्याला कळतो. विरजण वाटीत घोटून पातळ करा, त्यात दोन चमचे दूध मिसळा आणि मग सगळं दुधात घालून एकदाच ढवळा. गाठ राहिली तर तेवढ्याच जागी दही आंबट होतं. उन्हाळ्यात चार-पाच तास, पावसाळ्यात सहा-सात, थंडीत आठ ते दहा तास लागतात. थंडीत डबा जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यात ठेवा.

लागलं का हे बघायला भांडं हलवू नका. अर्धवट जमलेलं दही हललं की पाणी सुटतं आणि ते पुन्हा एकजीव होत नाही. वेळ भरत आली की भांडं किंचित, अगदी केसभर तिरकं करा. कडेनं दूध पळालं नाही, सगळा गोळा एकसंध थरथरला, की झालं. लगेच फ्रीजमध्ये टाका, नाहीतर आंबत राहील.

बिघाड तीन-चारच आहेत. अजिबात लागलं नाही, तर बहुधा दूध फार गरम होतं आणि विरजणातले जिवाणू मेले. तार सुटली, म्हणजे दही चिकट झालं, तर विरजण जुनं किंवा बिघडलेलं होतं, किंवा दूध लागताना फार गार होतं. ते दही पुढच्या विरजणासाठी अजिबात ठेवू नका, नवं विरजण आणा. वर हिरवट पाणी साठलं असेल तर वेळ जास्त झाली. आणि रोजच आंबट होत असेल तर विरजण कमी करा. नवशिके बहुतेक वेळा भीतीपोटी दुप्पट विरजण घालतात आणि तिथेच चुकतात. मातीच्या भांड्यात दही घट्ट होतं कारण माती जादाचं पाणी पिते, पण ते भांडं साबणानं धुवायचं नाही. गरम पाणी, काथ्या आणि कडक ऊन एवढंच.

मोड

एक वाटी मटकी किंवा मूग दोनदा धुऊन तिप्पट पाण्यात सहा ते आठ तास भिजवा. मटकी त्याहून जास्त वेळ पाण्यात राहिली की बुळबुळीत होते. मग पाणी काढून ताटात पसरा आणि हातानं गणंग वेचा. भिजलेल्या दाण्याची साल सैल होते, तो बोटाखाली दबतो. गणंग तसाच लहान, चकचकीत आणि दगडासारखा राहतो. शिजवूनही तो शिजत नाही आणि जेवताना नेमका दाढेखाली येतो. दोन-तीन मिनिटांचं हे वेचणं डोळे मिटूनसुद्धा जमतं. लहान मुलांना या कामाला बसवा, त्यांची बोटं आपल्यापेक्षा चटकन शिकतात.

निथळलेलं कडधान्य ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट आवळलं तर आत हवा जात नाही, दाणे गरम होतात आणि आंबूस वास सुटतो. मे महिन्यात आठ-दहा तासांत मोड येतात, जानेवारीत कधी पूर्ण एक दिवस लागतो. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारा. एका वाटीचे अडीच-तीन वाट्या मोड होतात. भिजवलेलं पाणी फेकू नका, ते त्याच दिवशी कुंड्यांना जाऊ द्या.

लोणी कढवणं

या सगळ्यांत कानाला सर्वांत जास्त काम देणारी गोष्ट तूप आहे. रोज एक लिटर म्हशीचं दूध येत असेल तर आठ-दहा दिवसांत सायीचा डबा भरतो. साय फ्रीजमध्येच साठवा आणि दहा दिवसांपलीकडे ठेवू नका, कडवट वास लागतो. आदल्या रात्री डबा बाहेर काढा, चमचाभर दही साईत कालवा आणि सकाळपर्यंत राहू द्या.

घुसळताना ठाण्याची हवा आडवी येते. साय कोमट झाली की लोणी जमत नाही, नुसता फेस फिरत राहतो. म्हणून पातेल्यात फ्रीजचं पाणी आणि बर्फाचे पाच-सहा खडे घाला. रवी असो की मिक्सर, एक क्षण असा येतो की आवाज बदलतो. आधी गुळगुळीत, जड चालणारी रवी एकदम हलकी होते आणि भांड्यात काहीतरी आपटल्यासारखं वाटतं. लोणी सुटलं. तिथेच थांबा. गोळा हातानं गोळा करून गार पाण्यात तीनदा धुवा, शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत. धुणं हा कंटाळ्याचा भाग वाटतो, पण ताक जितकं कमी राहील तितकी बेरी, म्हणजे तळाला बसणारा गाळ, कमी, आणि तूप करपायची भीती कमी.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी घ्या, पातेलं अर्ध्याहून जास्त भरू नका कारण फेस वर येतो. वितळेपर्यंत मध्यम आच, पुढे मंद. आता ऐका. सुरुवातीला पातेलं जोरात तडतडतं, कारण लोण्यातलं पाणी तापलेल्या तुपातून वाफ होऊन बाहेर पडत असतं. वर पांढरा दाट फेस असतो, तळ दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी फेस विरळ होतो, बुडबुडे मोठे आणि काचेसारखे होतात, आणि आवाज हळूहळू खाली येतो. पाणी संपत आलं. मग जवळजवळ शांतता होते आणि तळाची बेरी दिसू लागते. ती पांढऱ्याची पिवळसर आणि मग बदामी होते, आणि पुन्हा एकदा बारीक फेस वर चढतो. घरभर खमंग वास सुटतो. बेरी बदामी झाली की त्या क्षणी गॅस बंद. पातेल्याची उष्णता पुढची दोन मिनिटं तूप कढवत राहते, म्हणून बेरी तपकिरी व्हायची वाट पाहिली तर तूप हमखास करपतं.

लवकर उतरवलेल्या तुपात पाणी राहतं आणि ते काही आठवड्यांत खवट होतं. कोमट असताना गाळा, पूर्ण कोरड्या बरणीत भरा आणि ओट्यावरच निवू द्या. सावकाश निवलं तर रवाळ होतं, फ्रीजमध्ये घाईनं थंड केलं तर मेणासारखं. बेरी फेकायची नाही. साखर घालून खाल्ली जाते, किंवा कणकेत मळली तर पोळ्या खुसखुशीत होतात.

आधी खिडकीचं ऊन ओळखा

रोप विकत घ्यायच्या आधी एक रविवार घरी काढा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता खिडकीत किंवा गॅलरीत पांढरा कागद ठेवा आणि त्यावर हात धरा. सावलीची कड ठळक असेल तर ते थेट ऊन, पुसट असेल तर नुसता उजेड. थेट ऊन चार तासांहून जास्त असेल तर कढीपत्ता, मिरची, तुळस जगतील. दोन-तीन तास असेल तर पुदिना, गवती चहा, मेथी. त्याहून कमी असेल तर मनीप्लांट आणि अळू यांवर समाधान माना. कमी उन्हात मिरची लावून महिनोन्‌महिने वाट पाहण्यात अर्थ नाही.

ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून डिसेंबरमध्ये ऊन दक्षिणेच्या गॅलरीत खोलवर येतं, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेची गॅलरी दुपारी सावलीत जाते. या दोन टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मेमधला दिवस धरा. पश्चिमेची गॅलरी मार्च ते मे भाजून काढते. तिथे दुपारी २ नंतर जुनी सुती साडी किंवा हिरवी जाळी बांधा.

बारा इंची कुंडी ओली झाली की वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते. ग्रिलबाहेर किंवा कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, खालून माणसं जात असतात. गॅलरीत भिंतीलगत, जमिनीवर ठेवा.

ट्रेमधली मेथी

मुंबई-ठाण्याच्या बाजारात बोटभर उंचीची, मुळासकट बांधलेली बारीक मेथी मिळते. ती वाळूत वाढवलेली असते. तीच घरी दहा-चौदा दिवसांत होते आणि नवशिक्यासाठी याहून खात्रीचं पीक नाही.

साधारण एक फूट लांब-रुंद, तीन-चार इंच खोल ट्रे घ्या. थर्माकोलचा खोका, फळांची पेटी, जुनी परात, काहीही चालेल, फक्त बुडाला दर दोन इंचांवर भोक हवं. त्यात दोन भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेलं खत भरा. बांधकामाची वाळू असेल तर तीन-चार पाण्यानं धुवा. डब्यातले मेथीचे दोन मोठे चमचे दाणे रात्रभर भिजवा, सकाळी ट्रेवर पसरा. दाणे एकमेकांना जवळजवळ टेकले तरी हरकत नाही. वर वाळूचा पातळ थर, जेमतेम दाणे झाकण्यापुरता, आणि त्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद. दोन दिवसांत कागद उचलला जातो. हे अक्षरशः घडतं. शेकडो दाण्यांचे वाकलेले मान-खांदे मिळून कागद वर ढकलतात. तो बघायचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी पाहा, कारण संध्याकाळपर्यंत काही रोपं कडेनं बाहेर आलेली असतात. कागद लगेच काढून टाका आणि ट्रे उजेडात न्या.

पाणी झारीनं नको, पिचकारीनं द्या. सकाळी एकदा पुरे. ट्रेच्या वजनावरून पाण्याचा अंदाज येतो. रोज एकदा एका बाजूनं किंचित उचलून बघा, चार दिवसांत हाताला समजायला लागतं. रोपं लांबुडकी, फिकी झाली तर ऊन कमी आहे. देठ मातीच्या पातळीवर काळे पडून रोपं झोपली तर पाणी जास्त आणि वारा कमी. जुलै-ऑगस्टमध्ये असं फार होतं, म्हणून मेथी ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच लावा. तीन-चार इंच झाली की मुळासकट उपटा, वाळू झटका आणि तीनदा धुवा. एका ट्रेची भाजी दोन माणसांपुरती होते. वाळू उन्हात दोन दिवस तापवून पुन्हा वापरा.

कढीपत्ता आणि त्यावरची अळी

घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या नर्सऱ्यांमध्ये कढीपत्त्याचं फूटभर उंचीचं रोप सहज मिळतं. एकाच पिशवीत तीन-चार रोपं दाटीनं लावलेली असतील तर ती भरगच्च दिसतात, पण पुढे एकमेकांचं खातात. एकच जाड खोड असलेलं निवडा. पानं फिकी असतील तर घेऊ नका, आणि पानामागे पांढरी पिठासारखी कीड आहे का ते उलटवून पाहा.

बारा इंची कुंडीत चार भाग लाल माती, तीन भाग कुजलेलं खत, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसत्या लाल मातीची पावसानंतर वीट होते. रोप लावून आठ दिवस सावलीत, मग उन्हात. दीड फूट झालं की शेंडा खुडा, तिथून दोन-तीन फांद्या फुटतात. स्वयंपाकाला लागेल तेव्हा एकेक पान ओरबाडू नका, पूर्ण डहाळी तिच्या सांध्यापासून मोडा. कळ्या आल्या की काढा, नाहीतर झाड बियांच्या मागे लागतं. थंडीत वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात, त्याला रोग समजून खतांचा मारा करू नका. फेब्रुवारीत पालवी फुटते. महिन्यातून एकदा कपभर आंबट ताक चारपट पाण्यात मिसळून घालतात, कारण या झाडाला किंचित आम्लधर्मी माती मानवते. दाट ताक घातलं तर मुंग्या येतात आणि वास सुटतो.

पाणी घालायच्या आधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको. गॅलरीतली जास्त झाडं पाण्यावाचून मरण्याऐवजी जास्त पाण्यानं मरतात.

आता अळी. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. त्यामुळे लिंबाच्या झाडावर अंडी घालणारी लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं कढीपत्त्यावरही येतात, अगदी सातव्या-आठव्या मजल्यावरसुद्धा. कोवळ्या पानावर खसखशीएवढं पिवळसर, गोल अंडं एकटं चिकटवलेलं असतं. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस काळपट-पांढरी असते आणि हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी तिला सोडून देतात आणि आपणही पुसायला जातो. मोठी झाली की ती एकदम हिरवी होते आणि मग डहाळीवर तिला शोधावं लागतं. काडीनं हलकेच स्पर्श केला की डोक्यामागून शिंगांसारखा लालसर दुभंगलेला अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एवढ्यानंच तिचं संरक्षण होतं, आपल्याला काही इजा नाही.

चिरडायची की ठेवायची? झाडावर सहा-सात भरल्या डहाळ्या असतील तर एक-दोन अळ्या त्याला सहज पेलतात. जास्त असतील तर पानासकट उचलून सोसायटीतल्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा. जास्वंदीवर किंवा गुलाबावर सोडल्या तर उपाशी मरतील. साधारण दोन-तीन आठवड्यांत अळी कोश करते, कधी देठावर, कधी कुंडीच्या कडेला, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांनी सकाळच्या वेळी त्यातून फुलपाखरू बाहेर येतं. कोश काळपट आणि पारदर्शक दिसू लागला की ते एक-दोन दिवसांत निघणार हे समजा. पंख सुकेपर्यंत हात लावायचा नाही. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉर्मन, २०१५ साली जाहीर झालेलं, याच कुळातलं. त्याच्याही अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी लिंबाचं एक रोप ठेवावंच. ज्या झाडावर अळ्या आहेत त्यावर निंबोळी अर्क फवारू नका, हे वेगळं सांगायला नको.

गवती चहा आणि पुदिना यांना फार शिकवावं लागत नाही. बाजारातल्या गवती चहाच्या जुडीतून खालचा जाड बुंधा शाबूत असलेल्या चार काड्या निवडा, पाती वीतभर ठेवून कापा, दोन बोटं पाण्यात उभ्या करा. रोज पाणी बदला, आठवडाभरात मुळं फुटतात. मग बारा इंची कुंडीत लावा. पुदिन्याच्या जाडसर काड्यांचंही तसंच. पुदिना पसरट, उथळ कुंडीत एकटाच लावा, शेजारच्याला जगू देत नाही. कापताना कात्री स्वच्छ असू द्या. गवती चहाची पात हातानं ओढली तर बोट चिरतं.

खताची बादली

घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा असतो. म्हणजे अर्धं काम तसंही करतोच. उरलेलं अर्धं असं:

१. झाकणाच्या २० लिटरच्या दोन बादल्या घ्या. एक भरेल तेव्हा दुसरी पिकत असेल.

२. तापवलेल्या सळईनं किंवा ड्रिलनं बुडाला सात-आठ आणि चारही बाजूंना दर चार इंचांवर पेन्सिलीएवढी भोकं पाडा. खाली ताटली ठेवून बादली दोन विटांवर बसवा.

३. तळाला तीन इंच सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या.

४. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा रोज टाका, मोठे तुकडे दोन इंचांहून लहान करून. चोथ्यातलं दूध-साखर धुऊन काढा, नाहीतर मुंग्या.

५. जेवढा ओला तेवढाच, किंवा थोडा जास्त, सुका माल वर टाका: पाला, फाडलेले अंड्यांचे ट्रे, कोकोपीट. ओला कचरा वरून कधीच उघडा दिसू नये.

६. पहिल्या दिवशी दोन मुठी तयार खत किंवा वाटीभर आंबट ताक घाला.

७. दर तीन दिवसांनी काठीनं तळापासून वर-खाली करा.

भरल्यावर दीड ते दोन महिने. झालेलं खत काळं, भुसभुशीत असतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखं वासाला येतं. मूठभर घेऊन दाबा. बोटांतून एखादाच थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर सुका माल कमी पडलाय. कुजका वास येणं म्हणजे हवा कमी आणि पाणी जास्त. मुंग्या दिसल्या तर कोरडं पडलंय, पाण्याचा हबका मारा. पांढरी बुरशी चांगली असते, तिला घाबरू नका. वळवळणाऱ्या जाडसर तपकिरी अळ्या आल्या तर त्या कचरा खातात, नुकसान करत नाहीत, पण ओल वाढल्याची खूण म्हणून दोन मुठी कोकोपीट घाला. तेलकट भाजी, मांस-मासे, नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय यात टाकू नका. निर्माल्य चालेल, मात्र दोरा, तार आणि प्लॅस्टिकची फुलं हातानं वेगळी करूनच.

सुका पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतो. सोसायटीतला गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं लवकर कुजतात. माळीकाकांना आधी सांगून दोन पोती भरून ठेवा, वर्षभर पुरतात. आंबा-फणसाची जाड पानं चुरडून टाका.

पावसाळ्यात

जूनमध्ये सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या काढा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात, म्हणून खताच्या बादलीची ताटलीही दर चार दिवसांनी रिकामी करा आणि त्या पाण्यात दहापट पाणी मिसळून झाडांना द्या. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूची नाजूक रोपं भिंतीकडे सरकवा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, तिच्या बुंध्याशी पाणी थांबू देऊ नका.

याच दिवसांत बाजारात टाकळा, कुरडू, शेवळं, कंटोळी या रानभाज्या घेऊन बायका बसतात. नवीन असाल तर टाकळ्यापासून सुरुवात करा. पहिल्या पावसानंतरचीच कोवळी पानं घ्यायची, अंगठ्यानं दाबून सहज तुटतील अशी. शेवळं घेतली तर त्याच बाईकडून काकडंही (त्यात घालायची आंबट फळं) मागून घ्या आणि साफ कशी करायची हे तिथेच विचारा. आंबटाशिवाय शिजवली तर घसा खाजतो. रस्त्याकडेचा आणि नाल्यालगतचा टाकळा स्वतः तोडून आणू नका.

गणपतीला गावी जाताना

आठ दिवस घर बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी ही तयारी करा. कुंड्या उन्हातून आत, एकमेकींना चिकटून ठेवा. मधोमध पाण्याची बादली उंचावर ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरीची वात सोडा, एक टोक पाण्याच्या तळाला, दुसरं मातीत दोन इंच खोल. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, कोरडी असेल तर पाणी ओढत नाही. बादलीचं तोंड कापडानं बांधा, डासांसाठी. खतात ओला कचरा न टाकता चार बोटं सुका पाला पसरा आणि झाकण लावा. मेथीचा ट्रे या दिवसांत असूच नये.

आणि विरजण. चमचाभर दही लहान डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं तर टिकतं, पण परतल्यावर पहिलं दही जरा सैल लागतं, दुसऱ्या वेळेस जमतं. त्याहून सोपं म्हणजे निघायच्या आधी शेजारच्या काकूंकडे वाटीभर दही देऊन जा आणि आल्यावर त्यांच्याकडून चमचाभर मागून आणा.